'खेव्हन' म्हणजे देणे : एका डच क्रियापदाची ओळख



मदतनिधीच्या पुस्तिकेत आभार, आकडे आणि जाहिराती असायच्याच. त्यांच्या जोडीला थोडा अभ्यास असला तर बिघडलं कुठे, म्हणून हा छोटासा पाठ. विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. ज्या कामासाठी ही पुस्तिका निघते त्याच कामाचं क्रियापद घेतलं आहे. मराठीत 'देणे', डचमध्ये 'खेव्हन'.

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचं म्हणणं असतं की, "डच शिकायची गरजच काय? सगळे इंग्रजी बोलतात की!" खरं आहे. दुकान, बँक, ऑफिस, विमानतळ, सगळीकडे इंग्रजीवर भागतं. पण जरा बारकाईने बघा. ही सगळी काही तरी घेण्याची ठिकाणं आहेत. जिथे आपल्याला काही द्यायचं असतं, म्हणजे शाळेत मदतनीस पालक म्हणून जायचं असतं, वृद्धाश्रमात आजी-आजोबांना वेळ द्यायचा असतं किंवा शेजारणीला चार शब्दांचा धीर द्यायचा असतो, तिथे इंग्रजी तोकडी पडते. थोडक्यात, घ्यायला इंग्रजी पुरते, द्यायला डच लागते. म्हणूनच हे क्रियापद नीट शिकून घेऊ या.

आधी उच्चार

हा शब्द रोमन लिपीत 'जी-ई-व्ही-ई-एन' असा लिहितात. पहिलं अक्षर बघून 'गेवेन' म्हणावंसं वाटतं, पण डच 'जी' घशातून घासून येतो. उर्दूतल्या 'ख़बर'मधला 'ख़' आठवा, साधारण तसा. या पाठात तो आवाज सोयीसाठी 'ख' असा लिहिला आहे. दक्षिणेकडे, लिम्बर्ख आणि ब्राबांतमध्ये, हाच आवाज बराच मऊ होतो. त्यामुळे सुरुवातीला घसा फार खरवडला नाही तरी चालेल. लोक तुम्हाला दक्षिणेकडचे समजतील, एवढंच!

शेवटचा 'न' लिहितात, पण बोलताना बहुतेक जण तो गिळतात आणि 'खेव्हं' म्हणतात. हा अनुस्वार आपल्या 'केलं, गेलं' मधल्यासारखा वाचायचा, नाकातून काढायचा नाही. पुढेही शब्दाच्या शेवटी असा अनुस्वार दिसला की तोच उच्चार समजावा.

रूपं कशी चालतात

वर्तमानकाळ :
मी देतो / देते – इक खेफ
तू देतोस / देतेस – येइ खेफ्त
आपण देता (आदराने) – यू खेफ्त
तो / ती देतो / देते – हेइ / झेइ खेफ्त
आम्ही देतो – वेइ खेव्हन
तुम्ही सगळे देता – युली खेव्हन
ते देतात – झेइ खेव्हन

('यू' म्हणताना ओठांचा चंबू करून 'ई' म्हणायचं, की बरोबर आवाज येतो.)

इथे तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, 'व्ह'चा 'फ' का झाला? डच शब्दाच्या शेवटी 'व्ही' हे अक्षर चालत नाही, त्याच्या जागी 'एफ' येतो. म्हणून 'खेव्हन' पण 'खेफ'. दुसरी, लिहिताना 'खेफ'मध्ये 'ई' दोनदा येतो आणि 'खेव्हन'मध्ये 'खे'नंतर एकदाच. आवाज दोन्हीकडे दीर्घच. अवयव बंद असेल तर स्वर दोनदा लिहायचा, उघडा असेल तर एकदा, असा हा नियम आहे. तिसरी गोष्ट परीक्षेत हमखास विचारतात. 'येइ' हा कर्ता क्रियापदाच्या मागे गेला की 'त' गळतो. 'येइ खेफ्त' म्हणजे तू देतोस, पण 'खेफ येइ?' म्हणजे तू देतोस का? आदरार्थी 'यू' असेल तर मात्र 'त' राहतो : 'खेफ्त यू?' आदर दाखवायचा तर एक अक्षर जास्त खर्च करायचं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

भूतकाळ :
मी / तू / तो / ती – खफ
आम्ही / तुम्ही / ते – खाव्हन

एकवचनात 'अ' आखूड, अनेकवचनात लांब. असा आतला स्वर बदलणाऱ्या क्रियापदांना डच व्याकरणात 'बळकट' क्रियापदं म्हणतात. 'लेझन' (वाचणे) याच घरातलं : लेझन – लस – लाझन – खलेझन. 'एतन' (खाणे) तसंच : एतन – अत – आतन – खखेतन. एक पाठ केलं की बाकीची त्याच चालीवर म्हणता येतात.

पूर्णकाळ : 'इक हेप खखेव्हन' म्हणजे मी दिलं आहे. रोजच्या बोलण्यात साध्या भूतकाळापेक्षा हेच रूप जास्त ऐकू येतं. मराठी माणसाला इथे एक मोठी सवलत मिळते. आपण 'मी वही दिली, पेन दिला, पैसे दिले' असं वस्तूप्रमाणे क्रियापद बदलतो. डचमध्ये वस्तू काहीही असो, 'खखेव्हन' ते 'खखेव्हन'च. शिवाय ते वाक्याच्या शेवटी जातं, आपल्या क्रियापदासारखं. 'इक हेप खिस्तरन तीन युरो खखेव्हन' : मी काल दहा युरो दिले.

हो, दहाच! डचमध्ये दहाला 'तीन' म्हणतात. दारावर देणगी मागायला आलेल्या माणसाने 'तीन' म्हटलं तर नाण्यांचा डबा शोधत बसू नका, नोट काढा.

शब्द आला कुठून

'खेव्हन' हा जर्मानिक कुळातला जुना शब्द. जर्मन 'गेबेन' आणि इंग्रजी 'गिव्ह' हे त्याचे सख्खे भाऊ. चौथ्या शतकात वुल्फिलाने गॉथिक भाषेत बायबलचं भाषांतर केलं, त्यातही 'गिबान' हे रूप आहे. म्हणजे किमान सोळाशे वर्षांचा लेखी पुरावा झाला.

आता साहजिक प्रश्न : आपल्या 'देणे'शी याचं नातं आहे का? तसं नाही. 'देणे' संस्कृत 'दा' धातूवरून आलं. ग्रीक आणि लॅटिनमध्ये या धातूची भावंडं भेटतात, पण जर्मानिक भाषांनी क्रियापद म्हणून तो सोडून दिला आणि 'गेब-'ची कास धरली. तरीही 'दा' धातू उसन्या शब्दांच्या रूपाने मागच्या दाराने परत आलाच. डचमध्ये देणगीदाराला 'दोनातर' म्हणतात. तो फ्रेंचमधून आला, मूळ लॅटिन 'दोनुम', म्हणजे आपलं 'दान'. डॉक्टर औषधाचा 'डोस' सांगतात तोही ग्रीकमधला, अर्थ 'दिलेलं', धातू तोच. कॉम्प्युटरवाल्यांचा 'डेटा' लॅटिनमधला, अर्थ 'दिलेल्या गोष्टी', आपल्या 'दत्त'चा चुलतभाऊ. डच लोकांनी या 'डेटा'चं चक्क भाषांतर केलं आणि 'खखेव्हन्स' असा शब्द केला. कुठल्याही सरकारी फॉर्मवर 'पर्सोनलका खखेव्हन्स' असं दिसतं, ते म्हणजे तुमचं नाव, गाव, जन्मतारीख. 

आणखी एक गंमत बघा. काही अभ्यासक 'खेव्हन'चं मूळ एका अशा धातूशी जोडतात, ज्यापासून लॅटिनमध्ये 'जवळ असणे' आणि जुन्या आयरिशमध्ये 'घेणे' या अर्थाची क्रियापदं झाली. वेदात हात या अर्थी येणारा 'गभस्ति' हा शब्दही ते याच गटात बसवतात. सगळ्यांना हे मान्य नाही. पण एकाच धातूतून देणं आणि घेणं दोन्ही निघावं यात नवल नाही, कारण आपल्या 'दा'चंही तसंच आहे. 'दान' म्हणजे देणं आणि मागे 'आ' लावला की 'आदान' म्हणजे घेणं. प्राचीन हित्ती भाषेत तर याच 'दा'चा अर्थ 'घेणे' असा आहे. हातातून हातात वस्तू जाते, ती आपण कोणत्या टोकाकडून बघतो, एवढाच प्रश्न. आपण 'देवाणघेवाण' म्हणतो, डच 'खेव्हन एन नेमन' म्हणतात. दोन्हीकडे देणं आधी आणि घेणं नंतर!

छोटे शब्द, मोठे फरक

मराठीत 'टाकणे, बसणे, पडणे' अशी क्रियापदं जोडून अर्थ बदलतो. डचमध्ये तेच काम पुढे लागणारे छोटे शब्द करतात. वाक्यात ते सुटून शेवटी जाऊन बसतात. म्हणून वाक्य संपेपर्यंत धीर धरायचा, निम्म्यात अर्थ लावायचा नाही.

'आनखेव्हन' : हातात देणं, कळवणं. जेवताना मीठ पुढे करणं म्हणजे 'आनखेव्हन'. सायकलवर वळताना हात बाहेर काढून दिशा दाखवणं म्हणजे 'रिख्तिंग आनखेव्हन'. विमानतळावर कस्टमला सामान जाहीर करणं तेही हेच. याचं नाम 'आनखिफ्तं'. पोलिसांत तक्रार नोंदवली ती 'आनखिफ्तं' आणि दर वसंतात भरायचं करविवरणपत्रही 'आनखिफ्तं'.

'आउतखेव्हन' : बाहेर देणं. म्हणजे खर्च करणं आणि पुस्तक प्रकाशित करणंही. ज्यांनी कधी स्मरणिका काढली आहे त्यांना या दोन अर्थांचं नातं समजावून सांगायला नको!

'ओव्हरखेव्हन' : हा शब्द प्रत्येक आईबापाला यायला हवा. याचा अर्थ उलटी होणं. रात्री-अपरात्री डॉक्टरांच्या फोनवर 'मेइन दोख्तर खेफ्त ओव्हर' म्हणजे 'माझ्या मुलीला उलट्या होतायत', हे एक वाक्य पाठ असलं तर घाबरलेल्या मनाला इंग्रजी शब्द शोधत बसावं लागत नाही. (जाता जाता : 'दोख्तर' म्हणजे मुलगी, संस्कृत 'दुहिता'ची बहीण. डॉक्टर नव्हे!) याच क्रियापदाला 'स्वतःला' जोडलं की अर्थ होतो शरण जाणं. 'इक खेफ मं ओव्हर' : मी शरण आलो.

'ओपखेव्हन' : याचे दोन अर्थ एकमेकांच्या अगदी विरुद्ध. 'इक खेफ हेत ओप' म्हणजे मी हार मानली, नाद सोडला. 'इक खेफ मं ओप' म्हणजे मी नाव नोंदवतो, मी येतो कामाला. फरक फक्त मधल्या 'हेत' आणि 'मं'चा. कार्यकर्ते शोधणाऱ्या सगळ्या संस्थांना यातलं दुसरं वाक्य फार प्रिय असतं.

'दोरखेव्हन' : पुढे देणं. निरोप पुढे सांगणं, पंक्तीत भाजीचं भांडं पुढे सरकवणं आणि एका पिढीने दुसऱ्या पिढीला काही सोपवणं. आपण मुलांना मराठी देतो ते 'खेव्हन' नव्हे, 'दोरखेव्हन'. कारण ती आपण तयार केलेली नाही. आपल्याला मिळाली, आपण पुढे सरकवतो. मधेच भांडं आपल्यापाशी थांबलं तर पुढची पंगत उपाशी राहते.

'व्हरखेव्हन' : क्षमा करणं. इथला 'व्हर' सुटत नाही आणि पूर्णकाळात मधे 'ख'ही येत नाही. 'इक हेप हेत व्हरखेव्हन' : मी ते माफ केलं. याच घरात दोन नामं आहेत. 'व्हरखिफ' म्हणजे विष आणि 'व्हरखिफनिस' म्हणजे क्षमा! विषाचा संबंध 'देण्या'शी कसा? औषधाची मात्रा म्हणजे 'दिलेलं', यावरून तो शब्द हळूहळू नको त्या मात्रेसाठी, म्हणजे विषासाठी वापरात आला. तोंडाने विष म्हणायचं टाळायचं असलं की माणसं असा आडवा शब्द काढतात. आपणही म्हणतोच, 'त्याला काहीतरी दिलं असावं'. 

जिथे 'देणे' म्हणजे 'खेव्हन' नाही

मराठी डोक्याने डच बोलताना पाय घसरतात ते इथे. 

परीक्षा देणे : 'एक्सामन दून', म्हणजे परीक्षा 'करणे'.
भेट देणे (एखाद्या ठिकाणी जाणे) : 'अन बझूक ब्रेंगन', म्हणजे भेट 'आणणे'.
हात देणे : 'अन हंत खेव्हन' म्हणजे नुसतं हस्तांदोलन. मदतीचा हात द्यायचा असेल तर 'हेल्पन' म्हणा.
मला एक कॉफी द्या : 'खेफ मेइ' असं म्हटलं तर हुकूम सोडल्यासारखं वाटतं. 'मख इक अन कोफी?' (मला कॉफी मिळेल का?) हे सभ्य. ओळखीच्या ठिकाणी 'दू मेइ मार अन कोफी' चालतं.
जाऊ दे : 'लात मार'. दचकू नका! 'लात' म्हणजे सोड, राहू दे. कुणी डच सहकारी शांतपणे 'लात मार' म्हणाला तर तो तुम्हाला लाथ मारायला सांगत नाही, सोडून द्यायला सांगतोय.

उलट बाजूनेही बघा. काही ठिकाणी डच लोक 'खेव्हन' वापरतात, पण मराठीत आपण 'देणे' म्हणत नाही. 'हेत खेफ्त नीत' : काही हरकत नाही, असू दे. नवख्याने अडखळत डच बोलायला सुरुवात केली की समोरच्या आजीबाई हेच म्हणतात. आणि सगळ्यात सुंदर म्हणजे 'ओम इमंत खेव्हन'. शब्दशः बघितलं तर 'कुणाभोवती देणं', अर्थ मात्र 'कुणाविषयी जिव्हाळा वाटणं'. 'इक खेफ ओम याउ' : मला तुझी काळजी आहे, तू मला हवा आहेस. इथे काहीही हातातून जात नाही, तरी क्रियापद देण्याचंच आहे. 

देणगीच्या दुनियेत

'खेव्हन'वरून 'खिफ्त' झाला, अर्थ देणगी. या देशाला देणगीची सवय जुनी आहे. ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री समुद्राने बांध फोडले. झेलंत आणि आसपासच्या भागात मिळून १८३६ माणसं गेली. त्यानंतर रेडिओवर मदतीसाठी कार्यक्रम सुरू झाला. त्याचं नाव 'बर्झन ओपन, देइकन दिख्त', म्हणजे पाकिटं उघडा, बांध बुजवा. मोठ्या संकटात इथल्या मदतसंस्था एकत्र येऊन 'खीरो ५५५' या एकाच खात्यावर निधी गोळा करतात. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तान-सीरियाच्या भूकंपानंतर असंच झालं. त्सुनामीचा तडाखा आपल्या तमिळनाडू आणि अंदमानालाही बसला होता, हे विसरून चालणार नाही.

देणगीदारांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. सरकारमान्य 'अन्बी' दर्जा असलेल्या संस्थेला दिलेली 'खिफ्त' करातून वजा करता येते. साधी देणगी असेल तर वर्षाची एकूण रक्कम एका उंबरठ्याच्या वर जावी लागते. उत्पन्नाचा १ टक्का किंवा ६० युरो, यातलं जे जास्त असेल तो उंबरठा, आणि सवलत उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंत. किमान ५ वर्षं ठरावीक रक्कम देण्याचा लेखी करार केला तर हा उंबरठा लागत नाही. १ जानेवारी २०२१ पासून रोख दिलेली देणगी वजावटीत धरत नाहीत, म्हणून बँकेतून द्या आणि नोंद ठेवा. आपण ज्यांना देतो त्यांचा दर्जा करखात्याच्या यादीत आधी बघून घ्यावा. यात संकोच कसला? डच म्हण सांगते, भेट मिळालेल्या घोड्याच्या तोंडात बघू नये. आपण म्हणतो, दानाच्या गाईचे दात मोजू नयेत. पण हा उपदेश घेणाऱ्याला आहे. देणाऱ्याने दात जरूर मोजावेत.

आणि देणं म्हणजे पैसेच असं नाही. 'ब्लूत खेव्हन' म्हणजे रक्तदान, इथे ते विनामोबदला असतं. 'लेस खेव्हन' म्हणजे शिकवणं. 'द प्लंतन वातर खेव्हन' म्हणजे झाडांना पाणी घालणं. शेजारी सुट्टीवर जाताना घराची किल्ली देऊन हे काम सांगतात. ती किल्ली ज्या दिवशी तुमच्या हातात येईल त्या दिवशी समजा की या गल्लीत तुम्ही आता पाहुणे राहिला नाहीत.

स्वाध्याय

खालची वाक्यं डचमध्ये म्हणून बघा. उत्तरं लगेच खाली आहेत, पण आधी झाकून ठेवा!

१. मी दहा युरो देते.
२. तू देतोस का?
३. आम्ही काल दिलं. (साधा भूतकाळ)
४. असू दे, काही हरकत नाही.
५. मी नाव नोंदवलं आहे.

उत्तरं : १. इक खेफ तीन युरो. २. खेफ येइ? ३. वेइ खाव्हन खिस्तरन. ४. हेत खेफ्त नीत. ५. इक हेप मं ओपखखेव्हन.

पाचही बरोबर आली तर शाबास. चार आली तर चौथं वाक्य स्वतःलाच म्हणा. आणि पाचवं वाक्य मात्र पाठ झाल्यावर वहीत ठेवू नका. कार्यक्रमाच्या दिवशी स्वयंसेवकांच्या टेबलाशी येऊन मोठ्याने म्हणा. खुर्च्या लावायला, वाढायला आणि आवरायला माणसं नेहमीच कमी पडतात!